एन्ट्रन्सला बसायचं कधी?

आजचा भाग थोडा वेगळा आहे. लढाया, किल्ले, तह हे आपलं नेहमीचं. आज बोलायचं आहे परीक्षेच्या इतिहासावर. हा विषय मला सुचला बुंदेलखंडात, बेतवा नदीच्या काठावर, एरच नावाच्या गावी.

एरच झाशी जिल्ह्यात आहे. अकबराच्या काळी हे आग्रा सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. सरकार म्हणजे साधारण आजचा जिल्हा. जवळच गुरसराय आहे. गोविंदपंत खेर, म्हणजे आपले गोविंदपंत बुंदेले, यांच्या घराण्याची ती जहागीर. त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. पण एरचचे लोक सांगतात ती कथा त्याहून जुनी. हिरण्यकश्यपूची राजधानी इथेच होती आणि होळी पहिल्यांदा पेटली तीही इथेच, अशी त्यांची श्रद्धा आहे. भागवतातला प्रसंग आठवा. शंड आणि अमर्क या गुरूंकडे शिकणाऱ्या प्रल्हादाला बाप मांडीवर घेऊन विचारतो, बाळा, काय शिकलास? शाळकरी मुलाची घरी घेतलेली परीक्षाच ती.

गेल्या वर्षी होळीला मी एरचला गेलो ते माझ्या पलटणीतल्या एका सुभेदारसाहेबांच्या घरी. निवृत्त होऊन ते गावी शेती करतात. राम-राम झाला, गुजिया खाऊन झाल्या आणि त्यांनी नातीला पुढे केलं. ती अकरावीची परीक्षा देत होती. तिला एन.डी.ए.त जायचं होतं. "साहब, हिला सांगा. सप्टेंबरमध्ये बसावं, की आधी बोर्ड होऊ द्यावं?"

प्रश्न साधा वाटतो. एन.डी.ए.ची लेखी परीक्षा यू.पी.एस.सी. वर्षातून दोनदा घेते. बारावीत शिकत असलेल्याला बसता येतं, अकरावीतल्याला नाही. अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या आत लागतं. मुलींसाठी हे दार उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुली पहिल्यांदा या परीक्षेला बसल्या. सुभेदारसाहेबांच्या घरात हा प्रश्न आधी कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याला कारण आहे.

मी महाराष्ट्रातल्या दहावीच्या पहिल्या तुकडीतला. 1975 साल. त्याआधी शालान्त परीक्षा अकरावीला असायची. आकृतिबंध बदलला, आणि माझा थोरला भाऊ जुन्या अकरावीला, मी नव्या दहावीला, असे दोघे एकाच वर्षी बोर्डाला बसलो. घरात एकच कंदील आणि दोन परीक्षार्थी! पुढे 1977 ला बारावीची पहिली परीक्षा. वडील म्हणाले, "आधी बारावी, बाकीचं नंतर." त्यांचं ऐकलं. बारावीनंतर एन.डी.ए.ला एकदा बसलो आणि गणितात आपटलो. पुन्हा अर्ज भरायला गेलो तेव्हा काही आठवड्यांनी वय उलटून गेलेलं. मग बी.एस्सी. केलं, सी.डी.एस. परीक्षा दिली आणि त्या वाटेनं अधिकारी झालो. तक्रार नाही. पण वयानं माझ्याहून लहान असलेले अधिकारी आयुष्यभर मला सीनियर राहिले, हे खरं.

आता इतिहासाकडे वळू. शाळा संपून कॉलेज कुठे सुरू होतं, ही रेषा कुणी आखली?

1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं स्थापन झाली. विद्यापीठात शिरण्याआधी प्रवेश परीक्षा द्यावी लागे. कलकत्त्याला तिचं नावच एन्ट्रन्स, आपल्याकडे मॅट्रिक. मुंबईची पहिली मॅट्रिक झाली 1859 मध्ये. तीत पास झालेल्यांत सतरा वर्षांचे महादेव गोविंद रानडे होते. तेव्हा झाशीकडचा मुलगा कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेला बसे. 1887 मध्ये अलाहाबादला विद्यापीठ निघालं आणि परीक्षा तिकडे गेली.

मग 1917 मध्ये सॅडलर आयोग नेमला गेला. त्याचं म्हणणं असं की मॅट्रिक झालेलं पोर विद्यापीठासाठी कच्चं असतं. इंटरमीजिएटची दोन वर्षं विद्यापीठातून काढा आणि त्यानंतरच आत घ्या. उत्तर प्रदेशानं, त्या वेळच्या संयुक्त प्रांतानं, हे मनावर घेतलं. 1921 मध्ये हायस्कूल आणि इंटरमीजिएट परीक्षांचं वेगळं बोर्ड तिथे स्थापन झालं आणि 1923 मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. सुभेदारसाहेबांची नात ज्या बोर्डाची बारावी देणार होती, ते हेच. महाराष्ट्रात तशी बारावी यायला 1977 उजाडलं.

म्हणजे बघा, कॉलेजचा उंबरठा कधी दहावीशी होता, कधी अकरावीशी, आता बारावीशी आहे. सरकारनं सोयीप्रमाणे तो हलवला. ज्याचा जन्म ज्या साली, त्याच्या वाट्याला त्या सालचा नियम आला. मुलाच्या हुशारीशी याचा संबंध थोडाच.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे. इयत्ता सहावीची सार्वजनिक परीक्षा द्यायची होती आणि तिला वयाची अट होती, सतरा पूर्ण. धोंडू सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेला. वय भरत होतं, पण अंगानं लहानखुरा. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी बघितलं आणि सांगितलं, हा सतराचा दिसत नाही. परीक्षेला बसूच दिलं नाही. तसाच परत! पुढल्या वर्षी ती परीक्षा त्यांनी दिली. मॅट्रिक व्हायला 1881 साल उजाडलं, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

त्याच 1881 मध्ये आणखी एक कोकणी मुलगा मॅट्रिक झाला, गोपाळ कृष्ण गोखले. वय पंधरा. एकाच वर्षी, एकाच विद्यापीठाची परीक्षा, आणि वयात आठ वर्षांचं अंतर. दोघेही 1884 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. 1891 मध्ये फर्ग्युसन कॉलेजला गणिताचा शिक्षक हवा होता, तेव्हा गोखल्यांनी बोलावून घेतलं ते कर्व्यांनाच. उशीर झालेल्या कर्व्यांनी पुढे महिला विद्यापीठ उभारलं आणि वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. लवकर सुटलेल्या गोखल्यांना उणंपुरं एकोणपन्नास वर्षांचंही आयुष्य लाभलं नाही, पण तेवढ्यात त्यांनी देशाचं राजकारण घडवलं.

ही गोष्ट मी एरचच्या ओसरीवर सांगितली. नात म्हणाली, "दादाजी, म्हणजे कधीही बसलं तरी चालतं?"

नाही बेटा. कर्व्यांना दुसऱ्या वर्षी बसता आलं, म्हणून ते पुढे गेले. मला दुसऱ्यांदा बसता आलं नाही, कारण मी तारखा मोजल्या नव्हत्या. आधी कागद घे. जन्मतारीख लिही, ती दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तीच, एका दिवसाचाही फरक नको. मग वयोमर्यादेत किती परीक्षा बसतात ते मोज. आम्ही मोजलं. बारावीच्या सप्टेंबरपासून धरून तिच्या हाती एकाहून जास्त संधी होत्या.

सप्टेंबरमध्ये बारावीचं निम्मं गणित शिकवून झालेलं नसतं. म्हणजे ती परीक्षा अवघड जाणार. पण बसल्याशिवाय अडीच तासांत गणिताचे 300 गुण कसे पळतात ते कळत नाही. बोर्डानंतरची एप्रिलची परीक्षा ही खरी मोहीम, सप्टेंबरची म्हणजे रेकी.

तेव्हा सुभेदारसाहेब खाली बघून म्हणाले, "साहब, घरात एकदाच बसायचं ठरलंय. नाही झालं तर हिचे काका स्थळं बघणार."

अडचण तिथे होती, तारखेत नव्हती. ज्या घरात एकच संधी मिळणार, तिथे कुठल्याही महिन्यात बसवा, पोर घाबरूनच बसणार. मी म्हटलं, "साहब, पहिल्या हल्ल्यात ठाणं पडलं नाही म्हणून आपण कधी परत फिरलो का?" ते हसले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले. मग नातीसमोर म्हणाले, वय संपेपर्यंत बसायचं, काकाशी मी बोलतो.

सप्टेंबरमध्ये ती बसली. लेखी निघाली नाही. तिनं फोनवर सांगितलं, "दादाजी, रेकी झाली." एप्रिलला ती पुन्हा बसली. हा भाग रेकॉर्ड करतोय तेव्हा निकाल यायचा आहे.

तुमच्या घरात बारावीचं मूल असेल तर कुठल्या महिन्यात बसायचं हे त्याच्यासोबत बसून ठरवा. पण त्याआधी, दुसऱ्यांदा बसू देणार आहात का, तेवढं त्याला सांगून टाका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.