अलीकडची आणि पलीकडची फ्रेम

सप्टेंबर १९३६मध्ये छायाचित्रकार रॉबर्ट कापाने स्पेनच्या यादवी युद्धात गोळी लागून कोसळणारा सैनिक टिपला. ते छायाचित्र खरं की ठरवून काढलेलं, हा वाद अजून मिटलेला नाही, कारण त्याची निगेटिव्हच सापडत नाही. कापा आणि त्याचे सहकारी छायाचित्रकार गेर्डा तारो आणि डेव्हिड सेमूर यांच्या सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह २००७मध्ये मेक्सिकोहून न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा अभ्यासकांच्या आशा पालवल्या. नेमकी ती मात्र त्यांत नव्हती.

ती मिळाली असती, तर कदाचित त्या एका चित्रापेक्षा जास्त काही कळलं असतं. फिल्मच्या पट्टीवर प्रत्येक चित्राला शेजार असतो: क्षणभर आधी काय घडत होतं, नंतर काय घडलं. डिजिटल कॅमेरा आला आणि ही पट्टी गेली. तिची जागा दोन गोष्टींनी घेतली. एक, १९९५मध्ये जपानमध्ये ठरलेली ‘एक्झिफ’ ही पद्धत, जिच्यामुळे तारीख, वेळ, शटरचा वेग, लेन्स ही सगळी नोंद चित्राच्या पोटातच राहते. दुसरी, ‘रॉ’ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली जवळजवळ कच्ची माहिती. संगणकावर रंग-उजेडाचे कितीही खेळ केले तरी ते वेगळे साठवले जातात, मूळ रॉ तशीच राहते.

या रॉ फाइलचं वजन २०१०मध्ये सगळ्यांच्या लक्षात आलं. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्टेपान रुडिक यांच्या कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामारीवरील चित्रमालिकेला बक्षीस मिळालं होतं. आयोजकांनी मूळ फाइल मागवली. मूळ चित्र रंगीत आणि बरंच मोठं होतं. रुडिक यांनी ते कापून एका बँडेज बांधल्या जाणाऱ्या हातापुरतं आणलं, कृष्णधवल केलं, कडा गडद केल्या. इतक्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. पण हातामागे कुणाच्या तरी पावलाचा छोटा तुकडा डोकावत होता, तो पुसला गेला होता. बक्षीस काढून घेण्यात आलं. इतकं कापून टाकायला मुभा आणि नखाएवढा तुकडा पुसायला बंदी, हे विचित्र वाटेल. पण रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि ‘चौकटीत जे होतं ते चौकटीतच राहील’ ही रेघ योग्यच आहे.

रॉ फाइल फक्त पकडतेच असं नाही, सोडवतेही. पॉल हान्सेन यांनी नोव्हेंबर २०१२मध्ये गाझात दोन चिमुकल्यांची अंत्ययात्रा टिपली. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत ते त्या वर्षीचं सर्वोत्तम छायाचित्र ठरलं आणि मे २०१३मध्ये त्यावर आरोप झाला, की हे अनेक चित्रं जोडून केलंय. आरोपाचा एक आधार होता फाइलमधली संपादनाची नोंद! आयोजकांनी स्वतंत्र तज्ज्ञांकडून रॉ आणि बक्षीसपात्र चित्र ताडून घेतलं. रंग आणि उजेडात फेरफार होते, जोडाजोड नव्हती. फाइलमधल्या अशा नोंदी, म्हणजे मेटाडेटा, अर्धवट वाचला तर निर्दोष माणूसही गोत्यात येतो, आणि तेव्हा मूळ फाइलच त्याच्या बाजूने उभी राहते. फेरफार करणारे मात्र थांबले नाहीत: २०१५मध्ये याच स्पर्धेच्या शेवटून दुसऱ्या फेरीतली २० टक्के चित्रं फेरफारामुळे बाद झाली.

काही प्रश्नांपुढे मात्र फाइल मुकी असते. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९चं सर्वोच्च बक्षीस फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याला मिळालं. पुढे तो माणसाळवलेला असावा, असा निष्कर्ष काढून परीक्षकांनी ते रद्द केलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. लांडगा रानातला की पाळलेला, हे कुठल्याच कॅमेऱ्याला कळत नाही.

आणि मग मुंगीखाऊ. ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानात मार्सिओ काब्राल यांनी रात्री चमचमणाऱ्या वारुळाजवळ आलेला मुंगीखाऊ टिपला, आणि २०१७मध्ये याच स्पर्धेत तो आपल्या विभागात पहिला आला. नंतर कुणीतरी कळवलं, की उद्यानाच्या स्वागतकेंद्रात अगदी असाच पेंढा भरलेला मुंगीखाऊ आहे. पाच शास्त्रज्ञांनी केसांचे झुबके, अंगावरचे पट्टे, डोक्याची ठेवण जुळवून पाहिली आणि तो तोच असल्याचं मत दिलं. काब्राल यांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइलीही दिल्या. त्यांपैकी एकीतही मुंगीखाऊ नव्हता. एप्रिल २०१८मध्ये बक्षीस गेलं.

त्याच स्पर्धेत २०१६ साली मुंबईच्या नयन खानोलकर यांनी कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला, वस्तीतल्या बोळातून जाणारा बिबट्या शहरी विभागात पहिला आला होता. अशा कामात शेकडो फ्रेम रिकाम्या जातात. हौशी माणूस जागा वाचवायला त्या कॅमेऱ्यातच पुसतो आणि उरलेलं एक चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवतो. तिथे ते आकसतं आणि एक्झिफही गळून पडतं. स्पर्धेत उतरायचं असेल तर हललेल्या, रिकाम्या फ्रेमसकट अख्खं कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावं, फाइलचे मूळ क्रमांक बदलू नयेत आणि कॅमेऱ्याचं घड्याळ सहलीला निघण्याआधीच लावून घ्यावं.