वसंतसंपात : भोर-वेल्हे परिसरातील आचार व खाद्यपदार्थ

सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धात येतो त्या क्षणास वसंतसंपात म्हणतात. तो 20 किंवा 21 मार्चला येतो व त्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात. चीनमध्ये वर्षाच्या 24 सौर कालखंडांपैकी ‘छुन्फन’ याच दिवशी सुरू होतो, आणि अंडे उभे करणे, वसंतातील रानभाज्या खाणे, पाखरांच्या चोची चिकटून पीक वाचावे म्हणून तांदळाच्या पिठाचे चिकट गोळे काड्यांना खोचून शेतात ठेवणे, असे आचार तेथे त्याच्याशी निगडित आहेत. भोर व वेल्हे (राजगड) या डोंगरी तालुक्यांत संपाताचा असा स्वतंत्र सण नाही. येथील पंचांग निरयन, म्हणजे नक्षत्रांच्या चौकटीवर बेतलेले असून महिने चांद्र आहेत. शिवाय संपातबिंदू दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरत असल्याने मेषसंक्रांत आता 14 एप्रिलच्या सुमारास पडते. त्यामुळे या ऋतुसंधीच्या खुणा शिमग्यापासून चैत्रगौरीपर्यंत विखुरलेल्या दिसतात, आणि त्या तिथीपेक्षा झाडांत व शेतात अधिक स्पष्ट आहेत.

होळीला पुरणपोळीचा नैवेद्य अग्नीस देतात. याच हंगामात भातखाचरात राब भाजला जातो: शेण, तोडलेल्या फांद्यांची कवळ, पालापाचोळा व गवत यांचे थर वाफ्यावर पसरून, वर माती टाकून पेटवतात, म्हणजे तणाचे बी जळते व राखेने रोपांना कस मिळतो.

पाडव्याला उंच काठीला रेशमी वस्त्र किंवा खण, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी व उपडा तांब्या बांधून गुढी उभारतात. प्रसाद मात्र कडू असतो: कडुलिंबाचा कोवळा पाला व फुले, गूळ, चिंच, ओवा, मिरी, हिंग व मीठ एकत्र वाटून केलेली चिमूटभर चटणी आधी खायची, मग गोडाचे जेवण. कडुलिंब नुकताच मोहरलेला असल्याने ती त्या आठवड्याचीच चव होय. पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेली हरभराडाळ भरड वाटून, कैरीचा कीस व फोडणी घालून केलेली आंबेडाळ आणि उकडलेल्या कैरीचे पन्हे देतात. गावोगावच्या चैत्री जत्रांना पुण्या-मुंबईचे चाकरमानी परततात. भोरमध्ये तेथील संस्थानाचे अधिपती असलेल्या पंतसचिवांच्या राजवाड्यातील रामजन्मोत्सव, 1948 मध्ये संस्थान विलीन झाल्यावरही, चालू राहिला आहे.

भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने 22 मार्च 1957 पासून वर्षारंभ संपाताशी जोडला, पण गुढी आजही चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच उभी राहते.