मोहफूल, उरणची दारू आणि 1892 चा कायदा

‘आबकारी’ हा फार्सी शब्द ‘आब’ म्हणजे पाणी यावरून आलेला आहे. पेण व रोहे तालुक्यांतील कातकरी-ठाकरांना त्याची ओळख पटली ती मात्र एका फुलामुळे. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारे मोहफूल ही मंडळी वेचीत, वाळवीत, टंचाईच्या दिवसांत शिजवून खात, आणि त्याचीच दारूही गाळीत. अन्न आणि मद्य यांचा उगम एकच असल्यामुळे पुढील सारा पेच उद्भवला.

मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा 1878 साली झाला. आबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या धोरणानुसार घरगुती भट्ट्या बंद करून मध्यवर्ती कारखान्यांतून दारू पुरविण्याची पद्धत रुजली. मुंबई बंदरापलीकडे उरण येथे पारशी व्यावसायिकांच्या भट्ट्या होत्या. त्यांना लागणारे मोहफूल गुजरातेतील पंचमहालांतून येई. करामुळे ही दारू महाग पडे, आणि रानातले फूल तर फुकट होते! 1892 च्या तिसऱ्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध घातले. परक्या प्रांताचे फूल कारखान्यात वैध, आणि दारच्या झाडाचे फूल घरात संशयास्पद, अशी ही व्यवस्था होती.

समर्थन अर्थातच लोकहिताचे होते: चोरटी दारू थांबेल, व्यसन आटोक्यात येईल. सरकारचे सूत्र ‘कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल’ असे सांगितले जाई. परंतु त्याच्या दोन अंगांपैकी कोणत्या अंगास अधिक जपले गेले, याविषयी शंका तेव्हाही होती. 30 एप्रिल 1889 रोजी ब्रिटिश लोकसभेत सॅम्युएल स्मिथ यांचा हिंदुस्थानातील आबकारी पद्धतीवर ठपका ठेवणारा ठराव संमत झाला होता. तरीही तीनच वर्षांनी हा कायदा आला. आज तंबाखूचे उत्पादक करवाढ टाळण्यासाठी चोरट्या मालाचे भय दाखवितात. येथे तेच भय करवसुली टिकविण्यासाठी सरकारने वापरले. व्यसनी माणसाचे आरोग्य दोन्हीकडे निमित्तापुरते येते, असे मला वाटते.

कायद्याचा भार मात्र न पिणाऱ्यावरही पडला. टोपलीतले फूल खाण्यासाठी की गाळण्यासाठी, हे शिपायाने कसे ओळखावे?

स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. महसुलाचा हेतू मागे पडला, पण मोहफुलांवरील नियंत्रण राहिले. जिल्ह्याचे नाव 1981 साली रायगड झाले. मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने शिथिल केले ते 2021 मध्ये.