माळ गळ्यात, खर्रा गालात



आमच्या फुलसावंगीत आणि पैनगंगेच्या अलीकडच्या या सगळ्या भागात काकड्याच्या दिवसांत पुष्कळ मंडळी माळ घालण्याचे मनावर घेतात. त्यांतली तरुण पोरे एक प्रश्न हमखास विचारतात, "महाराज, माळ घातली म्हणजे खर्रा सोडावाच लागतो का?" विचारणारा लबाड नसतो. मांस सोडायचे, दारू सोडायची, एकादशी धरायची, वर्षाची वारी चुकवायची नाही, खोटे बोलायचे नाही, परस्त्रीला आईच्या ठिकाणी मानायचे, एवढे त्याने ऐकलेले असते. त्यात तंबाखूचे नाव कोणी स्पष्ट घेतलेले नसते. मग तो म्हणतो, जे सांगितलेच नाही ते मोडले कसे?

या प्रश्नाला रागावून उत्तर देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो, तो आज आपण पाहू.

आधी माळेकडे पाहा. विधी तो केवढा! ज्ञानेश्वरीवर तुळशीची माळ ठेवायची, वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून ती गळ्यात घ्यायची, झाले. होम नाही, दक्षिणेचा हिशेब नाही. संप्रदायाने एकदम साऱ्या आयुष्याची उलथापालथ मागितली नाही. चार गोष्टी मागितल्या, आणि त्या पाळता याव्यात म्हणून गळ्यात एक खूण दिली. या खुणेचे काम फार मोठे आहे. मन वळवणे एक वेळ सोपे असते, चारचौघांत "नको" म्हणणे अवघड. लग्नाच्या पंगतीत, पोळ्याच्या करीला, मित्राच्या शेतावर आग्रह करणारा आपलाच माणूस असतो. पण गळ्यात माळ दिसली की तोच म्हणतो, "अरे, तो माळकरी आहे, त्याला वेगळे वाढा." तुमच्या वतीने माळच नाही म्हणते. कितीतरी घरांतली दारू अशी सुटली. घरचा एकजण माळकरी झाला, त्याच्यासाठी चूल वेगळी नको म्हणून बायकोने मांस आणणे बंद केले, आणि पुढच्या पिढीला त्याची चवच माहीत राहिली नाही.

मग तंबाखू या यादीत का नाही? माझा तर्क असा, की यादीचा मूळ साचा घडला तेव्हा ती इथे नव्हतीच. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ ला, म्हणजे इ.स. १२९०. नाथबाबांनी देह ठेवला शके १५२१ ला, म्हणजे १५९९. तंबाखू ही अमेरिकेतली वनस्पती. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. दख्खनेत विजापूरच्या आदिलशाहीत ती रुजली होती. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापुराहून परतताना तंबाखू आणि चिलीम सोबत घेऊन गेला, तो काळ १६०४ च्या आसपासचा. बादशहाने दोनचार झुरके घेतले, तर दरबारी हकीम आडवा आला. या वस्तूचे गुणदोष आमच्या ग्रंथांत नाहीत, असे त्याचे म्हणणे. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये बंदीचे फर्मान काढले, पण लोकांनी ते मानले नाही. (चरकसंहितेत धूम्रपान सांगितले आहे असा दाखला काही विद्वान मंडळी देतात. ते औषधी वनस्पतींच्या वातीचे धूम्रपान आहे. चरकाच्या नावावर विडी ओढू नये.)

म्हणजे ज्ञानोबा, नामदेव, नाथ यांनी तंबाखू वर्ज्य सांगितली नाही, कारण त्यांनी ती पाहिलीच नसावी. तुकोबांच्या काळात मात्र ती गावोगाव पोचली होती. तुकोबारायांचे वैकुंठगमन शके १५७१ च्या फाल्गुनातले, म्हणजे इ.स. १६५० चे. त्यांच्या गाथ्यात तंबाखूचा धूर काढणाऱ्याची चांगली कानउघाडणी आहे. नवे व्यसन देशात येऊन दोन पिढ्याही झाल्या नसतील, तोच आमच्या संतांनी ते ओळखले! तेव्हा "सांगितलेच नाही" ही पळवाट तुकोबांनी तिथेच बुजवली. आपण गाथा उघडत नाही, म्हणून ती अजून मोकळी दिसते.

पण सोडा म्हटल्याने सुटते का? इथे मला गाडगेबाबांचे चरित्र आठवते. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव. वडील झिंगराजी दारूपायी गेले, पोर आईबरोबर आजोळी दापुऱ्याला वाढले. पुढे डेबूजींना मुलगी झाली, तिचे बारसे आले. अशा प्रसंगी भावबंदांना मटण आणि दारू द्यायची हा जातीचा रिवाज. डेबूजींनी पंगतीला गोड जेवण वाढले. मंडळी कुरकुरली, नावे ठेवली. डेबूजी हलले नाहीत. अजून हातात खराटा नव्हता, अंगावर चिंध्या नव्हत्या, महाराज म्हणून कोणी पायाही पडत नव्हते. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले, ते यानंतर. पुढच्या साऱ्या महाराष्ट्राला हलवणाऱ्या कामाची सुरुवात शोधायला गेलो, तर मला ती त्या बारशाच्या एका पंगतीत सापडते. एक जेवण बदलले, तेही आपल्या घरचे. लोकांना उपदेश नंतर केला.

त्यांच्या कीर्तनाची रीतही तीच. गावात आले की आधी खराटा हाती, रात्री कीर्तन. कीर्तनातही सांगणे कमी आणि विचारणे जास्त. उत्तर समोरच्या माणसाच्याच तोंडून वदवून घ्यायचे. आपल्या तोंडाने दिलेले उत्तर माणसाला सहज फिरवता येत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्यावर अख्खा अध्याय लिहिला, तोही याच वऱ्हाडच्या मातीतला विचार. देह नीट राखणे हा परमार्थाबाहेरचा विषय आहे असे या दोघांना कधी वाटले नाही.

आता खऱ्र्याचे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला हा पदार्थ आपल्या विदर्भात पोरांच्या खिशात असतो, तसा पखवाज्याच्या खिशातही असतो. नुसत्या तंबाखूचाच दोष असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्र सरकारने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, तरी टपरी काही ओस पडली नाही. सुपारीच्या सवयीने गालाचे आतले अस्तर पांढुरके आणि ताठ होत जाते. आधी तिखट झोंबते. मग जबडा हळूहळू मिटत जातो. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. मी असे टाळकरी पाहिले आहेत, की पंधरा वर्षे ज्यांनी चाल उचलून धरली, त्यांना आता विठ्ठल म्हणताना ओठांपलीकडे तोंड उघडत नाही. ज्या मुखाने नाम घ्यायचे ते मुखच मिटले, तर माळ तरी काय करील?

म्हणून पोरांना मी आजन्माची शपथ घालत नाही. एकादशी मागतो. वर्षाला चोवीस, अधिक मास आला तर सव्वीस. उपवास आहेच, त्यात एवढेच वाढवायचे. बरे, उपवासाचेही ऐका: साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सारे मूळचे अमेरिकेतले, तंबाखूचेच सोबती. ज्ञानोबांच्या एकादशीला यांतले काहीच नव्हते. खिचडीची मोठी ताटली चापून वर खर्रा भरणे, याला उपवास म्हणायला जीभ वळत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर साबुदाण्याऐवजी भगर थोडीच घ्यावी, आणि गोळ्या चालू असतील तर उपवासाचे डॉक्टरांना आधी विचारावे.

दशमीला एकभुक्त राहण्याची रीत जुनीच आहे. त्या रात्री जेवणानंतर खिशातली पन्नी उंबऱ्याबाहेर टाका. एकादशीला हात खिशाकडे जाईल, दहा वेळा जाईल. जाईल तेव्हा माळेचा मणी धरा, दोन घोट पाणी प्या, टाळ वाजवायला बसा. तिसऱ्या प्रहरी डोके दुखेल, चिडचिड होईल, ती घरच्यांनी सोसावी. आणि द्वादशीला सकाळी बारस सोडताना तोंडात पहिले काय जाते, अन्नाचा घास की खऱ्र्याची चिमूट, ते ज्याचे त्याने पाहावे, आणि पुढच्या एकादशीला मला येऊन सांगावे.