युद्ध म्हणा किंवा म्हणू नका : गोव्यातले युद्धकैदी, १९६१

परवा भिवंडीत चहाच्या टपरीवर पेटची तयारी करणाऱ्या एका मित्राने विचारलं, "गोव्यात युद्ध झालंच कुठे? मग युद्धकैदी कुठून आले?" मागांच्या खडखडाटात अर्धवटच ऐकू आलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. तुम्ही इतिहासात किंवा कायद्यात संशोधन करणार असाल, तर तो नीट सोडवून बघा.

आधी घटना. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य 'ऑपरेशन विजय'साठी गोवा, दमण आणि दीवमध्ये शिरलं. १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागतीपत्रावर सही केली. तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात आले.

आता गंमत बघा. भारत म्हणत होता, हे आक्रमण नाही. स्वतःच्याच भूमीवरची वसाहत संपवतोय. तिकडे लिस्बनमधून सालाझारचा आदेश आला होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा, पोर्तुगीज कैदी होणं मान्य नाही. म्हणजे एका सरकारच्या लेखी युद्ध नव्हतं आणि दुसऱ्याच्या लेखी कैदी नव्हते. मग हे तीन हजार लोक कोण?

उत्तर १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात आहे. कलम २ सांगतं की दोन सदस्य देशांत सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू होतो, एखाद्याने युद्धस्थिती मान्य केली नसली तरी. भारताने करार १९५० मध्ये स्वीकारला होता आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला होता. पोर्तुगालने मार्च १९६१ मध्ये मान्यता दिली, म्हणजे जेमतेम नऊ महिने आधी! आम्हा सायन्सवाल्यांना हे लगेच पटतं: बाटलीवरचं लेबल काहीही असो, आत काय आहे ते टेस्ट करून ठरवायचं. आणि कैद्याला हक्क दिले म्हणून पोर्तुगालचा गोव्यावरचा दावा मान्य केला, असं होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

पण कागदावरचं कलम आणि छावणीतली जमीन यांत अंतर असतं. कलम २५ नुसार कैद्यांची राहण्याची सोय ताब्यात घेणाऱ्या सैन्याइतकी चांगली हवी. सुरुवातीला सिमेंटच्या फरशीवर झोपावं लागलं, फोंड्याच्या छावणीत गेल्यावर हाल कमी झाले, असं परतलेल्या कैद्यांच्या आठवणींत येतं. कलम ११८ म्हणतं, लढाई थांबली की विनाविलंब परत पाठवा. प्रत्यक्षात विमानं कोणाची वापरायची यावर दोन्ही सरकारं अडून बसली. शेवटी मे १९६२ मध्ये फ्रेंच विमानांनी कराची आणि तिथून जहाजांनी पोर्तुगाल, असा त्यांचा प्रवास झाला. जवळपास पाच महिने गेले.

घरी पोचल्यावर तरी सुटले का? नाही. लढून मेले नाहीत म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. व्हासालो ई सिल्व्हांना १९६३ मध्ये सैन्यातून काढलं. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना पद परत मिळालं. करार कैद्याला शत्रूपासून वाचवतो. स्वतःच्या सरकारपासून वाचवायची सोय त्यात फारशी नाही.

म्हणून एक सवय लावून घ्या. 'कारवाई', 'मुक्ती', 'आक्रमण' हे शब्द दस्तऐवजात आले की ते कोणी आणि कशासाठी वापरले ते टिपा, पण त्यांनाच निष्कर्ष समजू नका. आधी कलम वाचा, मग घडलेलं तपासा, आणि दोन्हींत फट दिसली तर तिथे थांबा. बहुतेक वेळा तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच असतो.

मित्राला मी एवढंच सांगितलं: युद्ध झालं की नाही यावर सरकारं भांडू देत, कैदी मात्र खरे होते.