उपविजेत्या फुटबॉल संघांची उपहासात्मक टोपणनावे

फुटबॉलमध्ये वारंवार दुसऱ्या क्रमांकावर राहणाऱ्या संघांना प्रतिस्पर्ध्यांचे पाठीराखे हिणवणारी नावे देतात. गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या संघांच्या वाट्याला अशी नावे सहसा येत नाहीत. विजेतेपद हाताशी येऊन निसटले, आणि तेही पुन्हा पुन्हा, तरच नाव चिकटते. एकदा चिकटलेले नाव मात्र त्या संघाने मिळवलेले विजयही झाकून टाकते.

फिट्सेकुसेन : जर्मनीतील बायर लेव्हरकुसेन या संघाचे हे टोपणनाव सर्वांत प्रसिद्ध आहे. जर्मन भाषेतील ‘फिट्से’ म्हणजे मराठीतील ‘उप’. उपाध्यक्ष किंवा उपविजेता या शब्दांत येतो तोच. शहराच्या नावाचा पूर्वार्ध काढून तेथे हा शब्द बसवण्यात आला. इंग्रजी भाषकांनी त्याच धर्तीवर ‘नेव्हरकुसेन’ असे नाव रूढ केले.

या नावामागे दोन हंगाम प्रामुख्याने आहेत. २० मे २००० रोजी अखेरच्या सामन्यात उंटरहाखिंग या छोट्या क्लबविरुद्ध बरोबरी साधली असती, तरी लेव्हरकुसेन बुंडेसलिगाचे विजेते ठरले असते. मिखाएल बालाकच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला, सामना ०-२ असा गमावला आणि समान गुण असूनही गोलफरकावर बायर्न म्युनिक विजेते झाले. २००२ मध्ये तीन सामने शिल्लक असताना पाच गुणांची आघाडी होती. पुढचे दोन सामने वेर्डर ब्रेमेन आणि न्युर्नबर्ग यांच्याविरुद्ध गमावल्यामुळे बोरुसिया डॉर्टमुंडने एका गुणाने बाजी मारली. त्यापाठोपाठ जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात शाल्केने आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने लेव्हरकुसेनला हरवले. ४ ते १५ मे या बारा दिवसांत तीन उपविजेतेपदे पदरी पडली. वस्तुतः या संघाने १९८८ मध्ये युएफा चषक आणि १९९३ मध्ये जर्मन चषक जिंकला होता. टोपणनावात त्याची नोंद नाही. २०१० मध्ये क्लबने हे हिणवणारे नाव स्वतःच्याच मालकीचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले.

व्हिसे द गामा : रिओ दि जानेरोतील वास्को द गामा हा क्लब १८९८ मध्ये नौकानयनासाठी स्थापन झाला. वास्को द गामाच्या भारतयात्रेला त्या सुमारास चारशे वर्षे पूर्ण होत असल्याने क्लबला त्याचे नाव मिळाले. गोव्यातील वास्को शहराचे नावही याच दर्यावर्द्याचे. पोर्तुगीज भाषेत उपविजेत्याला ‘व्हिसे’ म्हणतात. ‘वास्को’च्या जागी तो शब्द घालून फ्लामेंगोच्या पाठीराख्यांनी थट्टा साधली. १९९९, २००० आणि २००१ असे सलग तीन वर्षे राज्य स्पर्धेच्या निर्णायक लढतीत फ्लामेंगोने वास्कोला हरवले होते. मात्र त्याच काळात, १९९८ मध्ये वास्कोने दक्षिण अमेरिकेतील सर्वोच्च मानली जाणारी लिबेर्तादोरेस स्पर्धा जिंकली होती.

एल पुपास : स्पेनमधील ॲटलेटिको माद्रिदला मिळालेल्या या नावाचा रोख दुसऱ्या क्रमांकापेक्षा दुर्दैवाकडे आहे, सतत काही ना काही इजा होणारा, असा त्याचा भाव. १९७४ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटी बायर्न म्युनिकने बरोबरी साधली आणि फेरसामना ४-० असा जिंकला. चाळीस वर्षांनी, २०१४ च्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने ९३ व्या मिनिटाला बरोबरी साधून पुढे विजय मिळवला, तेव्हा जुने नाव पुन्हा आठवले गेले. त्याच हंगामात ॲटलेटिकोने स्पॅनिश लीग जिंकली होती.

नावाची अखेर : अशी नावे पुसण्याचा उपाय मैदानावरच असतो. १४ एप्रिल २०२४ रोजी झाबी आलोन्सो यांच्या मार्गदर्शनाखाली लेव्हरकुसेनने पाच सामने राखून प्रथमच बुंडेसलिगा जिंकली. त्या दिवशी ५-० असा पराभूत झालेला संघ वेर्डर ब्रेमेन, म्हणजे २००२ मध्ये घसरण सुरू करून देणाराच होता. संपूर्ण लीग हंगामात लेव्हरकुसेनने एकही सामना गमावला नाही. जर्मन चषकही पटकावला. २०२४-२५ मध्ये हा संघ बायर्नच्या मागे पुन्हा दुसरा आला, पण या वेळी तो माजी विजेता म्हणून.