घोड्याचा दाग आणि गवताची गंजी

हजेरी, तपशील, जमा, खर्च, दाखला. शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची वही भरताना हे शब्द रोज हाताखालून जातात. सगळे अरबी-फारसीतले. दप्तरातून आणि छावणीतून मराठीत आले, आणि घरचेच झाले.

फौजेचा मोठा खर्च घोड्यांवर. तपासणीच्या दिवशी दुसऱ्याचा घोडा मागून आणायचा आणि पगार आपल्या नावावर घ्यायचा, ही लबाडी फार जुनी. म्हणून अलाउद्दीन खिलजीने १४ व्या शतकाच्या सुरुवातीला घोड्याला दाग देण्याची आणि शिपायाचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत लावली. पुढे शेरशाहाने ती पुन्हा सुरू केली, अकबराने मनसबदारांना लागू केली. 'ऐन-ए-अकबरी'त आपले वाशिमही आहे, वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून.

शिवाजी महाराजांनी वेगळा मार्ग धरला. स्वतःचा घोडा आणणाऱ्या शिलेदारापेक्षा सरकारी घोड्यावरचा बारगीर त्यांना जवळचा. घोडा सरकारचा, तर हिशेबही सरकारचा. सभासद सांगतो, २५ बारगिरांवर एक हवालदार आणि त्या २५ घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी व्हायची, परतल्यावर झडती. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे. धान्य-सामानाचा हिशेब कारखानिसाकडे.

आणि ते चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेले प्रसिद्ध पत्र. फौजेने रयतेला छळले तर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. एवढाच भाग भाषणांत ऐकू येतो. माझा अनुभव तरी असाच आहे. पण सबंध पत्र वाचा. त्यात बराचसा साठ्याचा हिशेब आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण महत्प्रयासाने जमवली आहे. आता मनमानी उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील. मग कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी भाजी. रयत नाडली जाते ती तिथून. म्हणून रोजचे माप बांधून खर्च करा. रात्री दिवे जळते ठेवू नका. उंदीर वात पळवील, गंजी पेटेल आणि सगळी वैरण जाईल.

हे पत्र मी सातवीच्या मुलांना वाचून दाखवतो. उंदरापाशी आलो की वर्ग हसतो.